टीएफएसए खाते कुठे उघडायचे? कॅनडातल्या आपल्या कुटुंबांसाठी

महाड, चिपळूण, मुंब्रा, औरंगाबाद इथून कॅनडात गेलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. "बँकवाला टीएफएसए उघडा म्हणतो. पण सेव्हिंग अकाउंट म्हटलं की व्याज आलंच ना?" आणि मग ते खातेच टाळले जाते.

नावामुळे हा घोटाळा होतो. टॅक्स-फ्री सेव्हिंग्ज अकाउंट २००९ साली सुरू झाले. त्याला खाते म्हणण्यापेक्षा डबा म्हणा. त्यात व्याजी ठेव ठेवता येते, तसे म्युच्युअल फंड, शेअर आणि ईटीएफही ठेवता येतात. आत झालेल्या नफ्यावर कॅनडाचा कर नाही, पैसे काढतानाही नाही. म्हणजे व्याज घ्यायचे की नाही, हे तुम्ही डब्यात काय भरता त्यावर आहे. (कर माफ झाला म्हणून जकात माफ होत नाही, हेही ध्यानात असू द्या.)

प्लॅटफॉर्म निवडण्याआधी मर्यादा समजून घ्या, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते. आमच्या ओळखीचे एक जोडपे २०२३ मध्ये मिसिसागाला गेले. २०२४ मध्ये कुणीतरी सांगितले की आतापर्यंतची एकूण मर्यादा ९५,००० डॉलर आहे. नवऱ्याने फेब्रुवारीत ३०,००० भरून टाकले. पण तो आकडा २००९ पासून कॅनडात राहणाऱ्या सज्ञान माणसाचा. नव्याने आलेल्याची मर्यादा तो तिथला रहिवासी झाला त्या वर्षापासून मोजतात. २०२३ चे ६,५०० आणि २०२४ चे ७,०००, म्हणजे १३,५०० झाले. वरचे १६,५०० जास्तीचे, आणि जास्तीच्या रकमेवर दरमहा १ टक्का दंड. डिसेंबरपर्यंत अकरा महिन्यांचे १,८१५ डॉलर गेले. व्याज नको म्हणून जपून वागणारा माणूस, आणि हा भुर्दंड!

आता खर्चाकडे येऊ. बँकेच्या शाखेत जो म्युच्युअल फंड हातात देतात, त्याचा वार्षिक खर्च पुष्कळदा २ टक्क्यांच्या आसपास असतो. ५०,००० डॉलरवर ते वर्षाला हजार डॉलर झाले, बाजार चढो की पडो. मोठ्या बँकांच्या शेअर खरेदीच्या खात्यात बहुतेक ठिकाणी दर सौद्याला साधारण १० डॉलर पडतात. दरमहा ५०० गुंतवणाऱ्याचे वर्षाला १२० गेले, म्हणजे इथेही २ टक्केच. याउलट वेल्थसिंपल, नॅशनल बँकेची डायरेक्ट ब्रोकरेज आणि फेब्रुवारी २०२५ पासून क्वेस्ट्रेड, यांच्याकडे शेअर-ईटीएफच्या सौद्याला कमिशन नाही. छोट्या हप्त्याने भरणाऱ्या घराने आधी इथे बघावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण "कमिशन शून्य" वाचून हुरळून जाऊ नका. खरी कमाई डॉलर बदलण्यात असते. अमेरिकी बाजारातला ईटीएफ घ्यायचा तर कॅनेडियन डॉलर बदलावे लागतात, आणि त्यावर दीड टक्का कापला जाऊ शकतो. ६,००० वर ९० डॉलर. विकून पैसे परत आणताना पुन्हा तेच. एसपीयूएस किंवा एचएलएएल हे शरियत निकषांवरचे ईटीएफ घेणाऱ्यांना हा फटका बसतो. कॅनेडियन डॉलरमध्ये मिळणारा वेल्थसिंपलचा शरिया वर्ल्ड इक्विटी ईटीएफ (डब्ल्यूएसएचआर) घेतला तर बदलण्याचा प्रश्न येत नाही. तो त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असेही नाही, इतर ब्रोकरकडेही घेता येतो. मात्र तोच फंड त्यांच्या तयार हलाल पोर्टफोलिओतून घेतला, तर फंडाच्या खर्चावर सांभाळण्याचे वेगळे शुल्क लागते, अर्ध्या टक्क्यापर्यंत. ज्याला दर महिन्याला बटण दाबायला जमते, त्याने ते कशाला द्यावे? ज्याला खरोखर वेळ नाही, त्याची गोष्ट वेगळी.

दोन बारीक गोष्टी. खात्यात पडून असलेल्या रोख रकमेवर काही ठिकाणी आपोआप व्याज जमा होते, ते बंद करता येते का ते विचारा. आणि अमेरिकी शेअरच्या लाभांशातून अमेरिका १५ टक्के कापून घेते. ते टीएफएसएमध्ये परत मिळत नाहीत, प्लॅटफॉर्म कुठलाही असो.

काही वर्षांनी गावी परतायचा बेत असेल तर तेही आत्ताच ध्यानात घ्या. कॅनडाचा रहिवास सुटल्यावर खाते ठेवता येते, पण नवीन पैसे भरले की तोच दरमहा १ टक्का. शिवाय भारताच्या आयकर कायद्यात टीएफएसएला करमाफी नाही.

ज्यांचे पैसे आधीच महागड्या ठिकाणी आहेत, त्यांनी ते काढून स्वतः दुसरीकडे भरू नयेत. काढलेल्या रकमेएवढी जागा पुढच्या १ जानेवारीलाच परत मिळते. त्याआधी भरले आणि मर्यादेत जागा उरलेली नसली, की पुन्हा दंड. नव्या संस्थेकडे ट्रान्सफरचा फॉर्म भरा, पैसे त्या दोघी आपसात हलवतात. जुनी संस्था त्याचे साधारण १५० डॉलर घेते. नवी संस्था ते भरून देते का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.