टँकर बांधावर उलटला तर वर्दी कोणी द्यायची?



हमरस्त्याला लागून ज्यांची जमीन आहे, त्यांच्याशी आज जरा बोलायचं आहे. शेतीची लाईट पुष्कळ ठिकाणी रात्रीच येते. पाण्याची पाळी द्यायला आपण दोन-दोन वाजता शेतावर असतो. अशा वेळी रस्त्यावर पेट्रोल-डिझेलचा टँकर उलटला, तर पोलिसांच्या आधी आणि टँकरमालकाच्या आधी तिथे पोचणारा माणूस आपणच. त्या पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, आणि पुढे आपली विहीरसुद्धा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला १३६ वा नियम असा, की धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला अपघात झाला आणि तो माल त्या अपघातात सापडला, तर ड्रायव्हरने ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यावर वर्दी द्यायची आणि गाडीच्या मालकालाही कळवायचे. ताबडतोब म्हणजे ताबडतोब. ‘सकाळ होऊ द्या, शेठना विचारतो’ हे चालत नाही.

साधा मालट्रक उलटून त्याची स्वतःची डिझेलची टाकी फुटली, तर गोष्ट थोडी वेगळी. ते डिझेल म्हणजे गाडीतला माल नव्हे. तिथे मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ लागतं. माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जागेवर पोलीस नसले, तर ड्रायव्हरने होईल तितक्या लवकर, आणि कसंही करून २४ तासांच्या आत, पोलीस ठाण्यावर हकीकत सांगायची. तुमचा उभा ऊस आणि तुमची विहीर ही ‘दुसऱ्याची मालमत्ता’च आहे, हे ध्यानात असू द्या. पेट्रोलियमने पेट घेऊन जीव गेला, गंभीर इजा झाली किंवा मालमत्तेची मोठी हानी झाली, तर पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे गाडीच्या मालकाने अगर गाडी ताब्यात असणाऱ्याने दंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे यांना तर कळवायचंच, शिवाय मुख्य विस्फोटक नियंत्रकांनाही कळवायचं. त्यांची कचेरी नागपूरला आहे.

म्हणजे वर्दीची जबाबदारी गाडीवाल्यांची. पण ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला असतो, शुद्धीवर नसतो, नाहीतर माणसं जमली की मारहाणीच्या भीतीने पळालेला असतो. त्याला मारू नका हो! टाकीत काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि आणीबाणीत काय करावं याचा लेखी कागद त्याच्या केबिनमध्ये ठेवलेला असतो. तो बोलता नसला तर वर्दी आपण द्यायची. ११२ वर फोन करा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वरही. पोलीस पाटलांनाही उठवा.

फोन मात्र टँकरजवळ उभं राहून करू नका. वारा जिकडून येतो त्या बाजूला निदान ३०० मीटर लांब जा आणि मग बोला. कोणतं गाव, रस्त्याच्या दगडावर किती किलोमीटर, कोणी अडकलं आहे का, तेल कोणत्या ओढ्याकडे चाललं आहे, एवढं सांगा. टँकरच्या दोन्ही अंगांना आणि पाठीमागे एक पाटी असते. तिच्यावर चार आकडी नंबर असतो. तो लांबूनच वाचता आला तर तोही सांगा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. एकाच टँकरच्या वेगवेगळ्या कप्प्यांत पेट्रोल आणि डिझेल दोन्ही असू शकतं. तेव्हा पाटीवर काहीही असो, सगळं पेट्रोलच आहे असं धरून वागावं. आणि नंबर १०७५ असेल तर काहीही करत बसू नका, वस्ती उठवा आणि लांब व्हा. केरळात कण्णूरजवळ चाला इथे २०१२ साली गॅसचा टँकर उलटून पेटला, तेव्हा आसपासच्या घरांतली माणसं गेली.

आता कॅन-घागरींची गोष्ट. सांडलेलं तेल भरून घ्यायला माणसं धावतात. फुकटचं आहे, मातीत तरी कशाला जाऊ द्यायचं, असं वाटतं. २०१७ च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ असाच पेट्रोलचा टँकर उलटला. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं भांडी घेऊन धावली. भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. नायजेरियात २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच झालं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी सखल भागाकडे, चारीत आणि ओढ्यात उतरते आणि तिथेच साचून राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. शंभर पावलांवर कोणी बिडी पेटवली किंवा मोटरसायकलला किक मारली, तरी ठिणगी पुरते. पाणी मारून ही आग विझत नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर पुढे सरकते. पेटलंच तर अर्धा मैल मागे हटा.

तेल शेताकडे येताना दिसलं, तर उताराच्या खालच्या अंगाला, तेलापासून बराच पुढे, मातीचा बांध घालता येतो. फावड्याने घाला, ट्रॅक्टर आणू नका. दगडगोट्यांच्या जागी फावड्याचीसुद्धा ठिणगी पडते. पेट्रोलचा वास येऊ लागला की काम सोडून द्या. बांध राहिला तरी चालेल.

विहिरीचं जास्त सांगतो, कारण तिकडे कोणाचंच लक्ष नसतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. तेल त्या भेगांतून थेट खालच्या मुरमात जातं आणि कातळाच्या फटींतून विहिरीला लागतं. ते लगेच दिसेल असं नाही, पहिल्या पावसानंतरही दिसतं. पाण्यावर रंगीत तवंग किंवा रॉकेलसारखा वास आला, की ते पाणी माणसांना नको आणि जनावरांनाही नको. विहिरीत उतरू नका. मोटर चालू करू नका, स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. आपल्याकडे पुष्कळांनी ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू! वास येत असेल तर पेटीला हातही लावू नका, वायरमनला सांगून लांबूनच लाईन बंद करून घ्या.

रानातली तेलाची माती नांगरून गाडू नका, पेटवू तर मुळीच नका. थोडं डिझेल असेल तर मातीतले जिवाणू ते हळूहळू खातात, पण त्याला महिने लागतात, आणि तोवर पिकाच्या वाट्याचं नत्रही तेच खातात. जास्त असेल तर माती उचलावीच लागते. पण पंचनामा होईपर्यंत ती आहे तशी राहू द्या.

पंचनामा म्हणजे पोलिसांचा वेगळा आणि तलाठ्याचा वेगळा. पोलिसांचा बहुधा रस्त्यावरचा असतो. त्यात तुमचा गट नंबर, किती गुंठ्यांत तेल पसरलं आणि विहीर किती अंतरावर आहे, हे लिहायला सांगा. विहिरीला आज काही झालेलं नसलं तरी तिचं नाव कागदावर आलं पाहिजे. वर्दीची नोंद कोणत्या नंबरने झाली ते लिहून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक अर्ज द्या, पाण्याचा नमुना घ्यायला सांगा आणि पोच घ्या.

पिकाची आणि विहिरीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. २०१९ च्या दुरुस्तीने तिथे सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून पावसाची वाट बघत बसू नका. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही आहे. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुदत पाच वर्षांची. पण तो लागू होतो की नाही, हे पदार्थ कोणता आणि किती होता यावर ठरतं. कचेरीत विचारून घ्या. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ प्रमाणे सरकारी यंत्रणेला सफाईसाठी जो खर्च येईल, तो जबाबदार माणसाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. ती वसुली कशी असते, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

विहिरीचं पाणी पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा तपासून घ्या. नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून न्यायचा. रॉकेलचा जुना कॅन त्या कामाला चालत नाही.