दैनंदिन संगणकीय कामाचे व्यवस्थापन

संगणक, मोबाइल व आंतरजाल यांच्या द्वारे व्यक्तीकडे येणारा पत्रव्यवहार, कागदपत्रे, सूचना व कामे यांची नोंद, वर्गवारी, निपटारा आणि जतन करण्याच्या नियमबद्ध पद्धतीस ही संज्ञा लावता येईल. तीत साधने व सवयी ह्या दोहोंचा अंतर्भाव होतो. ई-मेलची पेटी, दिनदर्शिका, कामांची यादी, टिपणवही, फायलींचे कप्पे आणि संकेतशब्द सांभाळणाऱ्या आज्ञावल्या ही प्रमुख साधने होत. आलेली प्रत्येक बाब एका ठरलेल्या ठिकाणी नोंदविणे, तिच्याविषयी निर्णय घेणे, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कामांचा पाठपुरावा करणे व निरुपयोगी सामग्री काढून टाकणे ह्या प्रमुख सवयी होत. साधने वरचेवर बदलतात; सवयींमागील तत्त्वे मात्र कागदी दप्तराच्या काळापासून फारशी बदललेली नाहीत.

कागदी व संगणकीय कामांत एक महत्त्वाचा भेद आहे. कागदी कामाचा ढीग टेबलावर दिसतो. तो वाढला, की काम करणाऱ्याला, त्याच्या वरिष्ठाला आणि कामासाठी खेटे घालणाऱ्या माणसालाही तो जाणवतो. संगणकातील ढीग असा दिसत नाही. न वाचलेली दहा पत्रे आणि दहा हजार पत्रे पडद्यावर सारखीच जागा व्यापतात. साठवणुकीचा खर्चही नगण्य असल्याने कागद ठेवावा की फाडावा, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. म्हणून अदृश्य झालेला ढीग पुन्हा दृश्य करणे, हे ह्या व्यवस्थापनाचे मुख्य कार्य ठरते.

पूर्वपीठिका : लेखी कामाच्या शिस्तीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात लेखनक्रियेच्या निरूपणासाठी एक स्वतंत्र समास आहे (दशक १९, समास १). पेशवाईतील हुजूर दप्तराचे चालते दप्तर व एकबेरीज दप्तर असे भाग होते. चालत्या दप्तरात चालू व्यवहार पाहिले जात. एकबेरीज दप्तर पुण्यातच असे. तेथे हिशेब वर्गवारीने ठेवून त्यांचे तर्जुमे म्हणजे गोषवारे तयार करीत. चालू कागद व जपून ठेवावयाचे कागद वेगळे करण्याचे तत्त्व ह्या रचनेतून स्पष्ट होते. व्यापारी पेढ्यांत रोजकीर्द व खतावणी ह्या दोन वह्यांनी असेच काम केले. घडलेला व्यवहार प्रथम तारीखवार रोजकीर्दीत लिहावयाचा व नंतर तो ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावयाचा, असा क्रम असे. नोंद तत्काळ व एकाच जागी, वर्गवारी मागाहून व सवडीने, ही विभागणी आजही उपयोगी पडते.

विसाव्या शतकातील शासकीय कार्यालयांत आवक-जावक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही इ. साधनांनी कामाचा माग ठेवला जाऊ लागला. १९८० नंतरच्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील अभिलेखांची छाननी, वर्गीकरण व मांडणी नव्याने केली. हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ ह्या नावाने सर्वत्र परिचित झाला. एखादा कागद शोधण्यास लागणारा वेळ हा कर्मचाऱ्याच्या हुशारीपेक्षा मांडणीवर अवलंबून असतो, हे त्यातून दिसून आले.

सहा गठ्ठे पद्धती : महाराष्ट्रातील कार्यालयांत रूढ असलेल्या ह्या पद्धतीत कर्मचाऱ्याकडील सर्व कागदांची पुढील सहा गठ्ठ्यांत विभागणी करतात : (१) स्वतः कार्यवाही करावयाची प्रलंबित प्रकरणे; (२) दुसऱ्याच्या उत्तराची वा माहितीची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे; (३) ठराविक मुदतीने सादर करावयाची नियतकालिके; (४) वारंवार लागणारे शासननिर्णय व परिपत्रके यांची स्थायी आदेश संचिका; (५) निकाली निघालेली व अभिलेखकक्षात पाठवावयाची प्रकरणे; (६) मुदत संपल्यामुळे नष्ट करावयाचे कागद. जतनाच्या मुदतीनुसार अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात. ‘अ’ वर्गातील कागद कायमचे ठेवावयाचे असतात, तर ‘ड’ वर्गातील कागद अल्प मुदतीनंतर नष्ट करावयाचे असतात.

ह्या पद्धतीचे मर्म गठ्ठ्यांच्या संख्येत नाही. प्रत्येक कागदाबाबत एक निश्चित प्रश्न विचारावा लागतो व त्याचे उत्तर दिल्यावाचून कागद खाली ठेवता येत नाही, हे तिचे मर्म होय. ‘नंतर पाहू’ असा सातवा गठ्ठा तीत नाही. सर्वसाधारण माणसाची ई-मेल पेटी मात्र बहुधा केवळ ह्या सातव्या गठ्ठ्याचीच बनलेली असते.

संगणकीय कामास उपयोजन : वरील सहाही विभाग खाजगी कामास जसेच्या तसे लागू करता येतात. पहिल्या विभागासाठी कामांची एकच यादी असावी. तीतील नोंद क्रियापदाने पूर्ण करावी. ‘विमा’ ही नोंद अपुरी होय. ‘विम्याचा हप्ता शुक्रवारपूर्वी भरणे’ ही पुरी होय. पहिल्या नोंदीत कोणती कृती करावयाची हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते आणि त्यामुळेच ते काम पुढे ढकलले जाते.

दुसरा विभाग सर्वाधिक दुर्लक्षित असतो. पत्र पाठविल्याबरोबर काम संपले, असा समज होतो. वस्तुतः ते फक्त दुसऱ्याच्या दारात गेलेले असते. म्हणून कोणाला, कोणत्या तारखेस लिहिले व कोणत्या तारखेस पुन्हा विचारावयाचे, ह्या तीन गोष्टींची नोंद आवश्यक ठरते. तिसऱ्या विभागातील कामे दिनदर्शिकेत आवर्ती नोंदीने बसवितात, उदा., वीजदेयक, आयकराचे विवरणपत्र, निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला. चौथ्या विभागात ओळखपत्रांच्या प्रती, गृहनिर्माण संस्थेचे उपविधी इ. नेहमी लागणारी कागदपत्रे येतात. केंद्र शासनाच्या डिजिलॉकर ह्या सेवेचा (२०१५) त्यासाठी उपयोग होतो. पाचव्या विभागातील फायलींची नावे वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने सुरू केल्यास त्या आपोआप कालानुक्रमे लागतात. सहाव्या विभागात एकाच छायाचित्राच्या अनेक प्रती, कालबाह्य निमंत्रणे व सकाळच्या शुभेच्छांची चित्रे यांचा भरणा असतो. मोबाइलची जागा संपेपर्यंत ती बहुधा कोणी काढून टाकीत नाही.

मुदतीचे बंधन हे कोणत्याही यादीचे दुसरे अंग होय. महाराष्ट्र शासनाच्या २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. खाजगी कामास असा कायदा नाही. परंतु आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सहाही विभागांची फेरतपासणी करणे हा त्यास उत्तम पर्याय आहे. ही तपासणी थांबली, की यादीवरचा विश्वास उडतो आणि माणूस पुन्हा स्मरणशक्तीवर विसंबू लागतो.

मानसशास्त्रीय आधार : अपुरी कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे निरीक्षण ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले. नंतरच्या सर्व प्रयोगांत त्यास सारखी पुष्टी मिळालेली नाही. तथापि एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यास अवधानाचा काही अंश पहिल्या कामातच गुंतून राहतो, असे सोफी लरॉय यांच्या संशोधनात (२००९) आढळले. मॅसिकॅम्पो व बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांतून (२०११) असे दिसून आले, की अपुऱ्या कामासाठी निश्चित योजना आखल्यास, ते काम पूर्ण झालेले नसतानाही, त्याचे विचार मनात वारंवार येण्याचे प्रमाण घटते. नोंदवहीचे मोल केवळ विसर टाळण्यात नसून मन मोकळे करण्यातही आहे, असा ह्याचा अर्थ होतो. डेव्हिड ॲलन यांच्या गेटिंग थिंग्ज डन (२००१) ह्या ग्रंथातील पद्धतीही डोक्यातील कामे बाहेर काढून विश्वासार्ह यादीत ठेवण्यावर भर देते. तीत व सहा गठ्ठे पद्धतीत प्रतीक्षाधीन कामांना स्वतंत्र स्थान आहे, हे साम्य लक्षणीय आहे.

अवधान टिकविण्यासाठी कालखंडांचाही उपयोग करतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी सुचविलेल्या पोमोडोरो पद्धतीत पंचवीस मिनिटे एकच काम व नंतर अल्प विश्रांती असा क्रम असतो. टोमॅटोच्या आकाराच्या, स्वयंपाकघरातील वेळदर्शक घड्याळावरून तिला हे इटालियन नाव मिळाले. मोबाइलवरील सूचनांचा आवाज बंद ठेवून दिवसातून ठरावीक वेळीच ई-मेल पाहणे, हा ह्याच तत्त्वाचा साधा आविष्कार होय.

पनवेलचे उदाहरण : घरगुती दप्तराचे महत्त्व पनवेलसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या शहरात विशेष जाणवते. येथील नगरपालिका १८५२ मधील असून १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. तीत जुने शहर, सिडकोने (स्थापना १९७०) विकसित केलेले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इ. भाग आणि आसपासची गावे समाविष्ट झाली. त्यामुळे एकेका कुटुंबाच्या कागदपत्रांचे उगम अनेक झाले : सिडकोचा करार, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, महानगरपालिकेचे देयक, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी इत्यादी. महानगरपालिकेने मालमत्ता कर स्थापनेच्या दिनांकापासून आकारला, तेव्हा सिडकोकडे सेवाशुल्क भरलेल्या रहिवाशांनी त्यास दुहेरी आकारणी म्हणून हरकत घेतली व वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा प्रसंगी पाच वर्षांपूर्वीची पावती हाताशी असणे हा व्यवहाराचा प्रश्न बनतो. पैसे भरताना संगणकावर उमटलेली पावती त्याच वेळी नाव देऊन जतन केली नसेल, तर ती पुढे बँकेच्या उताऱ्यावरून हुडकावी लागते.

पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४९ किमी. असून उपनगरी गाडीने त्यास सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या पनवेलकरांपैकी अनेकांचा पत्रव्यवहार ह्या प्रवासात मोबाइलवरच होतो. गर्दीतील हा वेळ वर्गवारीस योग्य असतो. विचारपूर्वक उत्तरे लिहिण्यास नव्हे. गाडीत पत्र उघडून वाचणे, उत्तर न देता मिटणे व कार्यालयात ते पुन्हा वाचणे, ह्यात एकाच पत्रावर दुप्पट वेळ जातो. उलट वाचतानाच त्यास योग्य विभागाची खूण केल्यास दुसरे वाचन सार्थकी लागते.

सुरक्षितता व वारसा : महत्त्वाच्या सामग्रीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक घराबाहेर ठेवावी, असा संकेत आहे. प्रत्येक सेवेसाठी वेगळा संकेतशब्द व द्विस्तरीय पडताळणी ह्या गोष्टीही आवश्यक मानल्या जातात. तथापि केवळ एकाच व्यक्तीस उघडता येणारे दप्तर कुटुंबास अडचणीत आणू शकते. पूर्वी घरातील कर्त्या माणसाच्या पश्चात त्याची ट्रंक उघडली, की ठेवपावत्या व विमापत्रे सापडत. आता ती पत्रे ई-मेलमध्ये असतात आणि ई-मेल मोबाइलच्या कुलपात असते. बँकांत दावा न केलेल्या ठेवींचा शोध घेण्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले, ह्यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. खाती, ठेवी, विमा व नामनिर्देशन यांची एक कागदी यादी करून तिची जागा घरातील विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवणे हितावह ठरते. तीत संकेतशब्द लिहू नयेत.

मर्यादा : उत्तम पद्धतीनेही कामाचे प्रमाण कमी होत नाही, ते केवळ स्पष्ट दिसते. कामाचे तास संपल्यावरही संदेश येतच राहिले, तर तो दोष व्यक्तीच्या सवयींचा नसून कामाच्या रचनेचा असतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना अशा संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करणे बंधनकारक झाले. भारतात ह्याच आशयाचे खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. साधनांचा सोस ही दुसरी मर्यादा होय. दर महिन्यास नवी आज्ञावली वापरून पाहणाऱ्याची कामे अनेक याद्यांत विखुरतात आणि कोणतीच यादी पूर्ण राहत नाही. साधी वहीसुद्धा नियमाने पाहिली जात असेल, तर ती न पाहिल्या जाणाऱ्या कोणत्याही यंत्रणेपेक्षा श्रेष्ठ ठरते. प्रलंबित पत्राच्या दुसऱ्या टोकाला बहुधा उत्तराची वाट पाहणारा एक माणूस असतो. यादीतील नोंद निकाली काढताना त्याची प्रतीक्षाही संपते, ही ह्या शिस्तीची सामाजिक बाजू होय.