एका मरणाचे किती हिस्से

चोवीस एकर रान म्हणजे आमच्या उदगीर भागात एकेकाळी काही फार मोठी इस्टेट नव्हती. दोन बैलजोड्या, एक विहीर, बांधावर चार लिंबाची झाडं. समजा, निजामाच्या अमलात हे रान एका माणसाच्या नावावर होतं. त्याला चार लेकरं झाली, त्या प्रत्येकाला पुन्हा चार, आणि असंच पुढं. चौथ्या पिढीत वारस झाले २५६. चोवीस एकरांचे गुंठे ९६०, म्हणून एकेकाच्या वाट्याला आले पावणेचार गुंठे. एवढ्या तुकड्यात ट्रॅक्टर धड वळतसुद्धा नाही.

तुकडे दिसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. त्यामागची मरणं मात्र कुणी मोजत नाही. मूळ पुरुष एक, मग ४, मग १६, मग ६४. २५६ जणांची नावं उताऱ्यावर लागायची, तर आधी ८५ माणसं वारायला हवीत आणि ८५ वेळा कुणीतरी शांतपणे विचारायला हवं: हा कधी गेला, याचं काय होतं, याच्या मागं कोण आहे?

हे तीन प्रश्न म्हणजेच वारस चौकशी. खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ मध्ये आहे. मृत्यूचा दाखला, शपथपत्र आणि वारसांची यादी द्यायची. नाव आधी गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवहीत चढतं. मंडळ अधिकारी चौकशी करतो. मग फेरफार, मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि शेवटी सातबाऱ्यावर मेलेल्याच्या नावाला कंस पडून खाली नवी नावं येतात. तो कंस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बघत राहिलो होतो. माणूस पुसलेला नव्हता. दोन वाकड्या रेघांच्या मध्ये त्याला नीट ठेवलेलं होतं, शेजारी फेरफाराचा नंबर लिहून.

आता हेच राज्यभर मोजू. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख वहितीखाती होती आणि एका खात्याचं सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये खाती झाली १ कोटी ५३ लाख आणि सरासरी उतरली १.३४ हेक्टरवर. रान काही वाढलं नाही, उलट २ कोटी १२ लाख हेक्टरांवरून २ कोटी ५ लाखांवर आलं. खरेदी-विक्रीनंही खाती वाढतात, हे खरं. पण पंचेचाळीस वर्षांत खाती तिप्पट होण्यामागं मुख्य हात वाटण्यांचा आणि मरणांचाच आहे.

एक ढोबळ हिशोब मांडून पाहा. खातं एका पिढीकडून दुसरीकडं जायला तीस वर्षं धरली, तर दीड कोटी खात्यांमागं वर्षाला पाच लाखांवर वारसनोंदी व्हायला हव्यात. दिवसाला चौदाशेच्या आसपास. दिवसात मिनिटं असतात १,४४०. म्हणजे रात्री आपण झोपलेलो असतानासुद्धा महाराष्ट्रात जवळजवळ दर मिनिटाला एक कंस पडायला हवा. तो पडत नाही म्हणून मेलेले लोक वर्षानुवर्षं खातेदार राहतात. त्यांच्या नावानं पीककर्ज मिळत नाही, अनुदान अडतं. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर न्यावी लागली, ती याच साचलेल्या मरणांपायी.

ही चौकशी माणसाला फार जुन्या काळापासून करावी लागली आहे. इंग्लंडात १२३६ च्या सुमारास ती लेखी सुरू झाली आणि चारशे वर्षं चालली. राजाकडून थेट जमीन धरणारा सरदार वारला की दरबारातून हुकूम सुटायचा. त्या हुकमाच्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘त्याचा शेवटचा दिवस मिटला’ असा होता. मग एस्चीटर नावाचा अधिकारी त्या मुलखात जाऊन बारा-पंधरा स्थानिक माणसं शपथेवर बसवायचा आणि विचारायचा: कधी गेला, काय धरून होता, वारस कोण आणि त्याचं वय किती? आपले तीन प्रश्न, वर वयाचा चौथा. वय एवढ्यासाठी, की मुलगा २१ च्या आतला असेल तर जमिनीचं उत्पन्न आणि त्या पोराच्या लग्नाचा हक्कसुद्धा राजाकडं जायचा आणि राजा तो विकायचा. पोर मोठं झालं की पुन्हा चौकशी बसायची. जन्मदाखला नव्हता. मग साक्षीदार सांगायचे, याचा बाप्तिस्मा झाला त्या साली माझा पाय मोडला होता, त्या साली माझी मुलगी जन्मली होती. आमच्या आज्या ‘दुष्काळाच्या साली झाला’ म्हणून वय सांगायच्या, तीच ही रीत. त्या चौकशांची चर्मपत्रं लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अजून आहेत.

आपल्याही सातबाऱ्यावर हा चौथा प्रश्न उभा असतो. वारस लहान असेल तर नावापुढं ‘अ.पा.क.’ लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि पुढं आईचं किंवा चुलत्याचं नाव. पोरगं अठरा वर्षांचं झालं की वयाचा पुरावा देऊन तो शेरा काढून घ्यायचा असतो. कित्येकांचा राहूनच जातो. पन्नाशीला आलेला, स्वतः सासरा झालेला गडी कागदावर अज्ञानच असतो.

इंग्रजांची ती यातायात थेट राजाकडून जमीन धरणाऱ्यांपुरती होती. आपल्याकडं वतनाच्या चौकशीला सगळं गाव बसायचं. वारसाचा किंवा वतनाचा तंटा आला की गोत जमायचं, निवाड्याचा महजर व्हायचा आणि त्यावर अक्षर न येणारेही आपली निशाणी करायचे. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा. कोण कुणाचा लेक हे ठरवायला औतं आणि हत्यारं साक्षीला उभी राहायची. असा महजर पाहिला की मला इंग्लंडातल्या त्या बारा जणांपेक्षा आपला गावगाडा जास्त जवळचा वाटतो.

निजामाच्या राज्यात याला विरासत म्हणत. जहागीर मुळात देणाऱ्याच्या मर्जीची. जहागीरदार किंवा इनामदार गेला की वारसाला हक्क आपोआप मिळत नसे. विरासतीची चौकशी होऊन मंजुरी यावी लागे आणि निकालाचा कागद म्हणजे मुंतखब. राज्याचा जवळपास तिसरा हिस्सा जहागिरीत होता, हे लक्षात घेतलं की त्या दप्तराचा पसारा डोळ्यांपुढं येतो. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, पण चौकशा संपल्या नाहीत. त्यांच्यासाठी १९५२ मध्ये हैदराबाद अतियात चौकशी कायदा करावा लागला.

उदगीरकराला यात आणखी एक पेच आहे. रान जागचं हललं नाही, पण तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातुरात. पणजाचा कागद उर्दूत, तारीख फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या शिंदे समितीनं २०२३ मध्ये मराठवाड्यात अशाच जुन्या कागदांतून कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा पावणेदोन कोटींच्या घरात कागद तपासल्यावर पहिल्या अहवालापर्यंत ११,५३० नोंदी हाती लागल्या. साधारण दीड हजार कागदांमागं एक.

खुद्द निजामाची वारस चौकशी तर लंडनपर्यंत गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावानं जमा झाले. निजाम मीर उस्मान अली खान १९६७ मध्ये वारले. पैसे तिथंच वाढत राहिले. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या हायकोर्टानं निकाल दिला तेव्हा ते साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३५ पट झाले होते. पाकिस्तानचा दावा फेटाळला गेला, पैसा भारत सरकारचा आणि निजामाच्या दोन नातवांचा ठरला. मागाहून शंभरावर वंशज आपलाही हिस्सा मागायला पुढं आले.

एवढं लांब तरी कशाला जायचं? उदगीरच्या जुन्या वस्तीतला एक वाडा धरू. क्षेत्र ८,०६४ चौरस फूट. हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. मालक वारला. मागं बायको, दोन मुलगे, तीन मुली. मुस्लिम वारसाहक्काप्रमाणं बायकोला आठवा हिस्सा, १,००८ फूट. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. हिशोब आठात बसला. मग म्हातारी गेली, तिचे १,००८ पोरांत वाटले, मुलगा २,३०४ वर आणि मुलगी १,१५२ वर गेली. मग थोरला मुलगा गेला. त्याच्या मागं बायको, तीन मुलगे, दोन मुली. बायकोला २८८, मुलग्यांना ५०४, मुलींना २५२. मग त्याचा एक मुलगा आईच्या डोळ्यांदेखत गेला. त्याच्या ५०४ मधले ६३ बायकोला, ८४ आईला, २३८ मुलाला, ११९ मुलीला. मरणं चार, हयात वारस बारा, आणि सगळ्यांचे हिस्से एका छेदात मांडायचे तर छेद लागतो ८,०६४. त्याहून लहान कुठलाच चालत नाही. पोटचं पोर गेल्यामुळं आईचे २८८ फूट ३७२ झाले. आकडा वाढला म्हणून त्या बाईला काय वाटलं असेल, हे सांगायला कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.

अशा एकावर एक मरणांच्या वाटणीला मुनासखा म्हणतात. ज्याच्या ग्रंथावरून बीजगणिताला अल्जिब्रा हे नाव पडलं, त्या अल्-ख्वारिझ्मीनं नवव्या शतकात त्या ग्रंथाचा मोठा भाग अशाच वारसाहिश्श्यांच्या उदाहरणांना दिला होता.

हिंदू एकत्र कुटुंबात गणित वेगळं. आपल्या कायद्यातल्या ‘सहदायाद’ला इंग्रजीत कोपार्सनर म्हणतात. इंग्लंडात मुलगा नसला की जमीन सगळ्या मुलींकडं सारखी जायची, आणि कोपार्सनर म्हणून ओळखल्या जायच्या त्या प्रामुख्यानं या बहिणी. तोच शब्द हिंदुस्थानात आला आणि इथं फक्त पुरुषांना लागला! मुलींना त्यात शिरायला महाराष्ट्रात २२ जून १९९४ उजाडावं लागलं. त्यातही आधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. देशभरासाठी ९ सप्टेंबर २००५, आणि बाप आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे हे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं ११ ऑगस्ट २०२० ला.

याचा अर्थ पुन्हा चोवीस एकरांतच बघू. वडिलोपार्जित रान, आई आधीच वारलेली, बाप गेला, मागं दोन भाऊ, दोन बहिणी. जुन्या हिशोबानं बाप आणि दोन मुलगे असे तीन वाटेकरी. बापाच्या आठ एकरांचे चार भाग, म्हणून बहिणीला दोन एकर. नव्या हिशोबानं सहा एकर. सहा एकर म्हणजे २४० गुंठे, म्हणजे २,६१,३६० चौरस फूट.

आणि मग हक्कसोड पत्राचा दिवस येतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर, बाकड्यावर दोघी बहिणी पदर सावरून बसलेल्या असतात. भावानं चहा आणलेला असतो, साडीची पिशवी वहिनीच्या हातात असते. मी अशा बाकड्यांजवळ उभा राहिलो आहे आणि दरवेळी एकच गोष्ट विचारावीशी वाटली आहे: बाई, तुझं किती आहे, हा आकडा तुला कुणी सांगितला का? एकदा विचारलंही, नात्यातल्याच एका ताईला. तिनं भावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “भाऊ, मला काय करायचंय मोजून,” म्हणाली, “माहेर राहू दे म्हणजे झालं.” आतून नाव पुकारलं. ती उठली, फोटोसाठी सरळ बसली आणि यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. पहिल्या वेळी तो उमटला नाही. खुरपून खुरपून रेघा झिजल्या होत्या. तिनं तो पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला.