निवाऱ्याचे दार किती जणांसाठी?
भूतदयेला हवी जागा, आरोग्य आणि मनुष्यबळाच्या गणिताची जोड

वाहनाखाली सापडून जायबंदी झालेले कुत्रे, पावसात गारठलेली मांजराची पिल्ले, घर बदलताना मालकाने मागे सोडलेला पाळीव श्वान... अशा मुक्या जिवांसाठी चार प्राणिप्रेमी एकत्र येतात आणि भाड्याच्या जागेत निवारा सुरू होतो. आरंभीच्या उत्साहाला तोटा नसतो. मात्र, निवारा केवळ भूतदयेवर चालत नाही. जागा, आरोग्य, मनुष्यबळ आणि पैसा यांचे गणित तेथे रोज मांडावे लागते. ते चुकले, की ज्यांना वाचविण्यासाठी निवारा उभा राहिला, त्यांच्याच जिवावर बेतते.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. भटकी कुत्री मारण्याच्या ब्रिटिश प्रशासनाच्या मोहिमेविरुद्ध १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने शहरात दंगल उसळली होती. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालण्यासाठी मुंबईत १८७४ मध्ये संस्था स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ही तिचीच देणगी. जुन्या संस्थांना इमारत आणि देणग्यांचा आधार लाभला. आजच्या स्वयंसेवी निवाऱ्यांपाशी बहुधा पत्र्याची शेड आणि हौशी कार्यकर्ते एवढेच भांडवल असते.

मुक्काम जितका लांब, जागा तितकी कमी

निवाऱ्याची क्षमता केवळ पिंजऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. प्राणी किती दिवस राहतो, यावरही ती अवलंबून असते. समजा, रोज दोन प्राणी दाखल होतात आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी ३० दिवसांचा आहे. अशा वेळी ६० जागा लागतात. हाच मुक्काम १५ दिवसांवर आला, तर ३० जागा पुरतात. म्हणूनच नवे पिंजरे बांधण्याइतकेच महत्त्व बऱ्या झालेल्या प्राण्याला वेळेत दत्तक देण्याला किंवा त्याच्या मूळ परिसरात परत सोडण्याला आहे. हे न केल्यास निवाऱ्याचा कोंडवाडा होण्यास वेळ लागत नाही.

गर्दीमागून येते ती साथ. कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या पार्वो आजाराचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. फरशी स्वच्छ धुऊन त्यावर योग्य प्रमाणात ब्लीचचे द्रावण वापरावे लागते. शिवाय फिनेलसारखी रसायने मांजरांना विषारी ठरतात. नव्याने आलेल्या प्राण्याला काही दिवस वेगळे ठेवणे, त्याची भांडी निराळी ठेवणे आणि निरोगी प्राण्यांचे काम आधी उरकून मगच आजारी प्राण्यांकडे जाणे हे नियम कटाक्षाने पाळावे लागतात. रेबीजचा धोका ध्यानात घेऊन प्राणी हाताळणाऱ्या प्रत्येकाने प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. चावा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने डॉक्टर गाठणे अत्यावश्यक असते.

आहाराबाबतही गैरसमज आहेत. मांजराला केवळ दूधभात पुरत नाही. मांस-मासळीतून मिळणारे टॉरिन न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय यांवर परिणाम होतो. आईवेगळ्या नवजात पिल्लांना गाईच्या दुधाने जुलाब होऊ शकतात. त्यांना विशिष्ट दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीही पाजावे लागते. हे काम निवाऱ्यापेक्षा घरी अधिक चांगले होते. त्यामुळे काही आठवड्यांसाठी पिल्ले सांभाळणारी कुटुंबे हा निवाऱ्याचा मोठा आधार ठरतो.

कायदा काय सांगतो?

प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा असून त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागी सोडावे, हे त्यांचे मूळ सूत्र. असा प्रकल्प राबविण्यासाठी संस्थेला मंडळाची मान्यता घ्यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल करून रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र शाळा, रुग्णालये, बस आगारे, रेल्वे स्थानके आदी ठिकाणची कुत्री निवाऱ्यात ठेवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असे निर्देश दिले. या आदेशाने मूळ प्रश्न पुन्हा पुढे आणला. बाहेर पडण्याची वाट नसलेले प्राणी आयुष्यभर सांभाळायचे, तर जागा आणि खर्च यांची तरतूद कोण करणार?

रविवार आणि सोमवार

रविवारी स्वयंसेवकांची गर्दी होते. सोमवारी सकाळी पिंजरे धुण्यास कोणी नसते. त्यामुळे किमान एक-दोन पगारी कामगार आणि ठरलेल्या वेळी येणारे पशुवैद्यक यांना पर्याय नाही. देणगी मात्र प्रामुख्याने जखमी प्राण्याचे छायाचित्र पाहून येते. भाडे, वीज, पाणी आणि पगार यांसाठी हात आखडता घेतला जातो. दरमहा ठरावीक रक्कम देणारे थोडे देणगीदारही अशा वेळी मोठा आधार ठरतात. संस्थेची नोंदणी आणि चोख हिशेब ही त्यांचा विश्वास टिकविण्याची पहिली अट होय.

सर्वांत अवघड काम मात्र नकार देण्याचे. फाटकापाशी पिल्लांचे खोके ठेवून जाणाऱ्याला आपण पुण्य केले, असे वाटते. वास्तविक उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड अवघा १० ते ५० रुपये. जागा नसताना दाखल केलेले प्रत्येक पिल्लू आधीच्यांचा धोका वाढवते. त्यामुळे जखमी आणि आजारी प्राण्यांना प्राधान्य, तर धडधाकट प्राण्यांसाठी जागच्या जागी निर्बीजीकरण व लसीकरणाची मदत, असे धोरण आखणे हितावह ठरते.

कुत्री असो वा मांजर, गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचाच असतो. एवढ्या अवधीत नव्या निवाऱ्याची वीटही रचली जात नाही. गल्लीतील एका मादीचे वेळेवर निर्बीजीकरण करून घेणारा रहिवासी निवाऱ्यातील कित्येक जागा मोकळ्या ठेवत असतो. त्यासाठी त्याला निवाऱ्याचा उंबरठाही ओलांडावा लागत नाही.