उन्हाळी भाजीची रोपं थंडीतच घरात तयार करा

"बी खराब निघालं, उगवलंच नाही." जानेवारीत ही तक्रार आम्ही दर वर्षी ऐकतो. बहुतेक वेळा दोष बियाण्याचा नसतो, थंडीचा असतो. मराठवाडा-विदर्भात या दिवसांत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या बियांना उगवायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. ती गच्चीवरच्या कुंडीत नाही, स्वयंपाकघरात मिळते. म्हणून रोपं घरात करायची आणि फेब्रुवारीत थंडी ओसरली की बाहेर न्यायची.

दह्याचे डबे, कागदी कप, काहीही चालतं. तळाला भोक मात्र हवंच. निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत भरा. कुंडीतली जुनी माती नको, तिच्यातली बुरशी कोवळ्या रोपांना लागते. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. टोमॅटो आठवडाभरात दिसतो, मिरचीला पंधरा दिवसही लागतात. आमच्या अम्मींनी एकदा बाराव्या दिवशी वैतागून मिरचीचा डबा उकरला. आत सगळ्यांना मोड आलेले होते, ते तुटले!

एक गोष्ट पालकांनी नीट ऐकावी. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते विष आहे. लहान मुलांच्या हाती देऊ नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा, उरलेलं बी मसाल्याच्या डब्यांजवळ तर मुळीच ठेवू नका. मुलांना सोबत घ्यायचं असेल तर बिनप्रक्रियेचं, देशी बी आणा.

अंकुर दिसला की त्याच दिवशी डबा खिडकीत, उन्हात. अंधारात राहिलेली रोपं लांब, पांढरट होतात आणि मान टाकतात. पाणी बोटाने माती चाचपूनच द्यायचं. रोज प्रेमाने घातलेल्या पाण्यानेच जास्त रोपं बुडाशी कुजतात.

काकडी, दुधी, दोडका यांची मुळं दुखावलेली चालत नाहीत. त्यांचं बी रात्रभर भिजवून एका कपात एकच लावा, दोन-चार पानांवर आलं की कप फाडून मातीच्या गोळ्यासकट कुंडीत ठेवा. टोमॅटोला महिनाभर, मिरचीला चाळीसेक दिवस घरात राहू द्या. कोथिंबीर, पुदिन्याला ही उठाठेव नको.

बाहेर नेताना घाई नको. पहिल्या दिवशी तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत आठवडाभर. सध्या रमजान नेमका याच सुमारास येतो, आणि सेहरी-इफ्तारच्या धावपळीत रोपांकडे बघायचं राहून जातं. गेल्या वर्षी आमची वांग्याची रोपं अशीच वाळली. आता फजरनंतर पाणी घालायचं काम धाकट्याकडे दिलंय. वजूचं पाणी बादलीत साठवतो, तेच झाडांना.

चिमण्या कोवळी पानं टोचतात, म्हणून सुरुवातीला जुनी ओढणी बांधा. नंतर काढली तरी चालेल. पेरलेल्यातलं पाखरांनी खाल्लं तरी तो सदका, हे हदीसमध्ये आलंच आहे.