सहा पावांची लादी

मुंबईच्या गिरणगावात, अभ्युदयनगरात, शेजारच्या पाचवीतल्या मुलीने वहीत लिहिलं होतं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक बरीच मुलं करतात, रागावण्यासारखं त्यात काही नाही. मी एवढंच विचारलं, "दोन छेद पाच अर्ध्याहून कमी की जास्त?" तिने बोटांवर मोजलं आणि गप्प झाली. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं!

मग सहा पावांची लादी घेतली. दोन ओळी, ओळीत तीन पाव. अर्धी लादी म्हणजे तीन पाव, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. हा हिस्सा अख्ख्या लादीचा, उरलेल्याचा नव्हे. मुलं इथे हमखास घसरतात. तीन आणि दोन पाच, म्हणजे पाच छेद सहा. आपण दोन्ही हिस्से पावांत मोजले, यालाच पुस्तकात समच्छेद करणं म्हणतात. वजाबाकीही तशीच: तीनातून दोन गेले, एक पाव उरला. एक छेद सहा.

गुणाकाराला 'गुणिले'ऐवजी आधी 'चा' म्हणावं. तिसऱ्या हिश्श्याचा अर्धा: दोन पावांतला एक. गुणून संख्या लहान का झाली, हे डोळ्यांना दिसतं. पण हेही उत्तर एक छेद सहा! योगायोगाने मूल फसू नये म्हणून लगेच दोन तृतीयांश आणि अर्धा घ्यावेत. वजाबाकीत एक पाव उरतो, गुणाकारात दोन येतात.

गिरणगावातल्या जुन्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले. रुपयाचे सोळा आणे होते तोवर ते रोज लागायचे. 1957 साली दशमान नाणी आली आणि हे पाढे मागे पडले. सव्वा, पावणे, दीड हे शब्द मात्र मुलांच्या तोंडी आहेत. सव्वातीनमध्ये बेरीज आहे, पावणेतीनमध्ये वजाबाकी, दीडशेत गुणाकार. मला वाटतं, अपूर्णांक शिकवायला याहून चांगली सुरुवात नाही.

तिला शेवटी विचारलं, दीडशेचे पावणेदोनशे झाले, किती वाढले? "पंचवीस." शंभराचा कितवा हिस्सा? "पाव." मग वहीत मांड म्हटलं. दीड म्हणजे सहा छेद चार, पावणेदोन म्हणजे सात छेद चार. छेदाला हात न लावता तिने सातातून सहा वजा केले.