समुद्रातलं पार्लर

मैत्रिणींनो, पार्लरमध्ये आपण नंबर लावून बसतो ना, तसे समुद्रात मासेही नंबर लावतात म्हटलं तर? थट्टा नाही, खरंच! तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत, आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही, प्रवाळांत ‘क्लीनर रॅस’ नावाचा बोटभर मासा राहतो. निळसर अंग, त्यावर तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा.

याची जागा ठरलेली असते. मोठे मासे तिथे येऊन थांबतात आणि हा त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले किडे वेचून खातो. हेकरूसारखा शिकारी मासासुद्धा आ करून उभा राहतो. हा तोंडात शिरतो, साफसफाई करतो आणि सुखरूप बाहेर! ग्रेट बॅरियर रीफवरच्या १९९९ सालच्या अभ्यासानुसार एक मासा दिवसाला सुमारे १२०० किडे फस्त करतो.

लबाडीही आहे बरं का. याला किड्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. मादीनं तो चोरून चावला की गिऱ्हाईक पळतं आणि चिडलेला नर तिच्या मागे लागतो.

एका नराच्या संसारात चार-सहा माद्या असतात. नर मेला तर? रडत कोण बसतंय! सर्वांत मोठी मादी काही तासांतच त्याच्यासारखा वचक बसवू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत ती खरोखरच नर होते. घरचा कारभार थांबत नाही.

हुशारी तर विचारूच नका. जपानी संशोधकांनी याच्या गळ्यावर ठिपका काढून समोर आरसा ठेवला. आरशात पाहून यानं तो ठिपका चक्क घासून काढायचा प्रयत्न केला. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता कामाची गोष्ट. खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी हा मासा समुद्रातून पकडून विकतात. पण टाकीत त्याला किडे कुठले मिळणार? कितीतरी मासे उपाशी मरतात. शिवाय मागे समुद्रातही नुकसान होतं. ऑस्ट्रेलियात काही प्रवाळांवरून हे मासे साडेआठ वर्षं दूर ठेवले, तर तिथे इतर माशांची संख्या कमी झाली आणि जातीही घटल्या.

तेव्हा मुलांनी दुकानात हट्ट धरला, तर आधी एवढंच विचारा, “भाऊ, हा खाणार काय?” उत्तर नीट मिळालं नाही, तर त्याला घरी आणू नका. त्याचं पार्लर समुद्रातच चालू राहू दे!